सुभेदारांचं पिस्तूल

वेबली-फॉसबेरी नावाचं एक रिव्हॉल्वर होतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला बनायचं, १९०१ च्या सुमाराला सुरू झालं आणि पुढे काही वर्षांनी कारखान्याने ते बनवणं बंदही केलं. एकूण पावणेपाच हजारांच्या आसपास बनली, अख्ख्या जगात तेवढीच, आणि आता त्यातलं एखादं तिकडे लिलावाला निघालं की किंमत आपल्या रुपयांत लाखांत जाते. त्या पावणेपाच हजारांतलं एक आमच्या आजोळी, वेंगुर्ला तालुक्यातल्या माडाच्या बागेतल्या घरात चाळीसेक वर्षं होतं. पिस्तूल होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्याकडे सगळे त्याला पिस्तूलच म्हणतात. पण ते कुठलं, कुणी बनवलं, किती बनवली आणि ते आमच्यापर्यंत कसं आलं हे कोणीच कधी बघितलं नव्हतं, कारण बघायला पिस्तूल उरलंच नाहीये.

उरलंय काय तर एक चामड्याची केस. आत हिरवी बनात, तिला रिव्हॉल्वरच्या आकाराचा खोलगट खड्डा पडलेला. परवान्याचं एक पुस्तक. पोलीस ठाण्याची १९६३ ची पावती. एक फोटो. आणि पणजोबांची मेडलं असलेला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. हे सगळं माझ्या दादामामाच्या खोलीतल्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवलेलं असतं, केस तेवढी खंडेनवमीला बाहेर निघते, तिच्या झाकणावर हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल ठेवतात आणि मग परत आत. आमच्या हवेत चामडं टिकवणं काय असतं ते समुद्राकाठच्या लोकांना सांगायला नको, एका पावसाळ्यात बुरशी येते. पण मामीने दरवर्षी पुसून पुसून ती अजून धड ठेवलीय.

आणि गोष्ट. ती तर लहानपणापासून प्रत्येक मे महिन्यात ऐकलेली. पणजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, म्हणजे आजचं इराक. तिथे कूट नावाच्या गावाला तुर्कांचा वेढा पडला, त्यात पणजोबांनी एका साहेबाचा जीव वाचवला आणि साहेबाने खूश होऊन स्वतःच्या कमरेचं पिस्तूल काढून दिलं. दादामामा ती अशी सांगायचा, "कूटाक सायबाक वाचवल्यान गो, म्हणान सायबान दिल्यान." एवढंच. या गोष्टीत साहेबाला नाव नव्हतं, तारीख नव्हती, पलटणीचा नंबर नव्हता. पण घरात तिचा मान मोठा, आणि मलाही ती खूप आवडायची हे आधीच सांगते, कारण मी हे सगळं खोदायला घेतलं ते गोष्ट मोडायला नाही तर तिला नाव-गाव मिळावं म्हणून.

सुरुवात परवान्याच्या पुस्तकापासून केली. वेंगुर्ला १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलेलं, त्यामुळे आजूबाजूचा मुलूख संस्थानी असला तरी आमचं गाव खालसातलं, म्हणजे थेट इंग्रजी अमलातलं, परवाना रत्नागिरीच्या कलेक्टरचा. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये, त्यामुळे आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या कागदाचा माग काढायचा तर ओरोसला जायचं की रत्नागिरीला की सावंतवाडीच्या दप्तरात बघायचं इथूनच सुरुवात असते. असो. पुस्तकात हत्याराच्या वर्णनाच्या रकान्यात कारकुनाने सुबक इंग्रजीत लिहिलंय, ऑटो रिव्हॉल्वर, वेबली, .४५५, आणि पुढे चार आकडी नंबर. नंबर मी इथे देत नाही.

आता 'ऑटो रिव्हॉल्वर' हे वर्णनच विचित्र. ऑटोमॅटिक पिस्तूल वेगळं, त्याला मुठीत मॅगझिन असतं, आणि रिव्हॉल्वर वेगळं, त्याला फिरणारं सिलेंडर असतं. वेबलीने .४५५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) ऑटोमॅटिक पिस्तूलही बनवलेलं, ते रॉयल नेव्हीत वापरात होतं, त्यामुळे कारकुनाने पिस्तुलालाच रिव्हॉल्वर लिहिलं असेल अशीही शक्यता होती. पण त्याच कारखान्याचं खरोखरच ऑटोमॅटिक असलेलं एक रिव्हॉल्वर होतं हे वाचनात आलं आणि मी तो फोटो परत काढायला लावला.

फोटो बेळगावच्या स्टुडिओतला आहे. पणजोबा खुर्चीत बसलेत, डोक्याला फेटा, छातीवर मेडलं, मागे रंगवलेल्या पडद्यावर कसलेसे खांब आणि जिना. बाजूला उंच पायांचं गोल टेबल, त्यावर फुलदाणी, आणि फुलदाणीच्या पायाशी आडवं ठेवलेलं पिस्तूल, जसं काही तेही घरातलं माणूस म्हणून फोटोला बसवलंय. नुसत्या डोळ्याला एक काळा आकार दिसतो बस. मी तो कुडाळला जाऊन चांगल्या मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून घेतला आणि घरी येऊन लॅपटॉपवर मोठा करत गेले. नळी दिसली, चापाचं कडं दिसलं, आणि मग सिलेंडर. साध्या रिव्हॉल्वरच्या सिलेंडरवर सरळ उभ्या खाचा असतात. इथे करवतकाठी पातळाच्या काठासारखी वर-खाली, वर-खाली जाणारी खाच सिलेंडरच्या अंगाभोवती फिरलेली, एका बाजूने उजेड पडल्यामुळे तिची एक कड पांढरी आणि एक काळी. तशी खाच त्या काळात विकल्या जाणाऱ्या वेबलीच्या दुसऱ्या कुठल्याही हत्यारावर नाही. मी दादामामाला हाक मारली, तो चष्मा लावून स्क्रीनजवळ आला, बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "ही नक्षी नाय मगे?"

नक्षी नाहीच ती. सगळी करामत त्या खाचेत आहे. साध्या रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक गोळीला सिलेंडर तुमच्या बोटाच्या जोरावर फिरतं, चाप ओढा किंवा अंगठ्याने घोडा मागे घ्या, ताकद तुमची. फॉसबेरीत ती ताकद गोळीच्या धक्क्यातून घेतलीय. बार झाला की नळी आणि सिलेंडर असलेला वरचा सगळा भाग खालच्या फ्रेमवर मागे सरकतो, सरकताना घोडा चढतो, आणि फ्रेमवर असलेली एक छोटी खुंटी त्या नागमोडी खाचेतून जाते त्यामुळे सिलेंडर फिरतं, मागे जाताना अर्धा टप्पा आणि स्प्रिंगने पुढे येताना उरलेला अर्धा. पुढची गोळी तयार, बोटाला फक्त हलका दाब द्यायचा. १९०२ मध्ये वॉल्टर विनान्स नावाच्या नामांकित नेमबाजाने याच रिव्हॉल्वरने बारा पावलांवरून साधारण सात सेकंदांत सहा गोळ्या दोन इंचाच्या वर्तुळात घातल्या होत्या. आणि याला डाव्या बाजूला सेफ्टीचा खटका होता, जो रिव्हॉल्वरला सहसा नसतोच, पण इथे घोडा चढलेलाच राहायचा म्हणून लागायचा.

हे डोकं ज्याचं तो माणूसही हिंदुस्थानातल्या नोकरीतला. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी, बंगाल आर्मीतला अधिकारी, १८६३ च्या अंबेला मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, क्रॅग पिकेट नावाची टेकडी परत घेताना दाखवलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रिटायर होऊन गेल्यावर त्याने १८९५ मध्ये या यंत्रणेचं पहिलं पेटंट घेतलं, पहिला प्रयोग अमेरिकन कोल्टच्या रिव्हॉल्वरवर केला होता, मग वेबलीबरोबर काम होऊन १९०० च्या जुलैमध्ये बिस्लेच्या नेमबाजी स्पर्धांच्या वेळी ते लोकांपुढे आलं.

मग एवढं चांगलं होतं तर कमी का बनली? कारण सरकारने ते कधी घेतलंच नाही. जड, सव्वा किलोच्या आसपास, महाग, आणि हात घट्ट धरला नाही तर वरचा भाग पूर्ण मागे जायचा नाही आणि सिलेंडर अर्धवट अडकायचं. त्यात उघड्या खाचा आणि सरकत्या पट्ट्या, त्यात चिखल-वाळू गेली की संपलं, आणि महायुद्ध सगळं चिखलात नाहीतर वाळूतच झालं. तरी अधिकारी ते स्वतःच्या खिशातून विकत घ्यायचे, कारण त्या वेळी ब्रिटिश अधिकाऱ्याला आपलं पिस्तूल आपणच घ्यावं लागे, अट एवढीच की सरकारी काडतूस त्यात चाललं पाहिजे, म्हणून .४५५.

इथे मला एक बोलायचंच आहे. हल्ली 'लिमिटेड एडिशन' हा शब्द घड्याळापासून मोबाईलपर्यंत सगळ्याला लागतो आणि हत्यारांतही ते भरपूर आहे. कोल्टने १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जेनेसिओ या गावाच्या १२५ व्या वर्षानिमित्त डेरिंजर नावाची छोटी पिस्तुलं काढली, फक्त १०४, आणि तिथून त्यांच्या स्मृतिचिन्ह हत्यारांची रांगच लागली. स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये मॅग्नम रिव्हॉल्वर काढलं तेव्हा गिऱ्हाईक सांगेल तसं एकेक बनवून द्यायचे आणि नाव नोंदवलं की सर्टिफिकेट पाठवायचे. ती सुंदर कामं आहेत, मी नावं ठेवत नाही, पण तिथे दुर्मिळपणा आधी ठरवलेला आहे, मूळ काय ते डब्यासोबतच येतं, शोधायला काही राहत नाही. मला जीव लागतो तो १८४७ च्या कोल्ट वॉकरसारख्या हत्यारांवर, साधारण अकराशेच बनली, ती कुणी जपून ठेवायला नाही तर मेक्सिकोच्या युद्धात वापरायला, आणि वापरात फुटली, हरवली, म्हणून दुर्मिळ झाली. फॉसबेरीही तसंच. कारखान्याला ते भरपूर विकायचं होतं, विकलं गेलं नाही. म्हणून जे जे उरलंय त्याचा प्रत्येकाचा प्रवास वेगळा, आणि तो प्रवास कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही, तो असतो कुणाच्या तरी ट्रंकेत. आपल्याकडे पिस्तूल गेलं की त्याचे कागद कशाला ठेवायचे असं म्हणून चुलीत घालतात, मी स्वतः अशी घरं बघितलीत, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण कागद गेले की ते हत्यार म्हणजे नुसतं लोखंड.

तर नंबर होता, मेक कळला होता. आता केस. केसच्या झाकणावर आतून सोनेरी अक्षरांचा शिक्का होता, अर्धा उडालेला, आर्मी अँड नेव्ही आणि पुढे सी.एस.एल. एवढं वाचता येत होतं. हे लंडनचं दुकान. १८७१ मध्ये काही लष्करी आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांनी घाऊक भावात वाईन मिळावी म्हणून सोसायटी काढली, को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड, म्हणून सी.एस.एल., आणि ती वाढत वाढत तंबूपासून बंदुकीपर्यंत सगळं विकायला लागली. १८९१ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा काढली, ती इमारत अजून काळाघोड्याला उभी आहे, डेव्हिड ससून लायब्ररीच्या बाजूला, वर दगडात नाव आहे आणि खाली आता कपड्यांचं मोठं दुकान आहे. त्याच रांगेत एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत, जिच्यात महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. मी तिथे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे कागद बघायला जायचे आणि दुपारी चहाला बाहेर पडले की या इमारतीसमोरून जायचे, आणि मला वाटायचं की साहेबाने इथेच घेतलं असणार.

पण सोसायटी असल्याचा फायदा असा की दुकान फक्त सभासदांसाठी होतं. माल सभासदाच्या नंबरवर लिहिला जायचा. १९७३ मध्ये ते दुकान हाऊस ऑफ फ्रेझर या कंपनीने घेतलं, ती कंपनी स्कॉटलंडची, आणि तिचे जुने कागद ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हमध्ये ठेवलेत, त्यात आर्मी अँड नेव्हीची बंदुकांची रजिस्टरं आहेत. मी नंबर, मेक आणि शिक्क्याचा फोटो पाठवून विचारलं. वेंगुर्ल्याच्या एका ट्रंकेतला नंबर ग्लासगोतल्या वहीत सापडेल ही आशा मी फार मोठी ठेवली नव्हती, पण उत्तर आलं आणि त्यात नोंद होती. विक्री लंडनच्या दुकानातून, महायुद्धाच्या आधीची. घेणारा एक लेफ्टनंट. पुढे त्याचं नाव. नाव मी इथे लिहीत नाही, त्याचे वंशज कुठेतरी असतील आणि त्यांना न विचारता ते मांडणं बरोबर नाही.

नाव मिळाल्यावर इंडियन आर्मी लिस्ट बघायची. ही सरकारी छापील यादी, कुठला अधिकारी कुठल्या पलटणीत ते त्यात असतं, आणि जुने अंक आता ऑनलाइन वाचायला मिळतात. आमचा लेफ्टनंट तिथे होता. ११४ वी मराठा पलटण.

आणि इथे मी बिस्किटांचा डबा उघडला. पहिल्या महायुद्धाची गोल मेडलं ज्यांनी जवळून बघितली असतील त्यांना ठाऊक असेल की नाव पुढे किंवा मागे नसतं, ते कडेवर कोरलेलं असतं, नाण्याच्या कडेवर बघावं तसं मेडल उभं धरून बघावं लागतं. आमच्याकडे इतकी वर्षं त्याची पूजा झाली पण कड कुणी वाचली नव्हती. चांदीचं मेडल काळं पडलेलं, मी ते खिडकीच्या उजेडात बोटांत हळूहळू फिरवत गेले, आधी हुद्दा आला, मग पणजोबांचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि शेवटी ११४. (चांदीचं जुनं मेडल पॉलिशने घासू नका, कृपा करून, कडेवरची अक्षरं झिजतात. सुती फडक्याने पुसा, पुष्कळ झालं.)

म्हणजे साहेब आणि सुभेदार एकाच पलटणीतले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी मामीला मिठीच मारली. पण लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली, की ११४ कूटला नव्हती. कूटच्या वेढ्यात ज्या मराठा पलटणी अडकल्या त्या १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. आणि शरण जाण्याआधी त्यांनी आपल्या तोफा, बंदुका मोडून टाकल्या, तुर्कांच्या हाती लागू नयेत म्हणून, आणि मग हजारो लोक कैदी म्हणून चालत नेले, त्यातले किती वाटेत मेले. कूटमधून कोणी सुभेदार साहेबाचं पिस्तूल घेऊन वेंगुर्ल्याला येणं शक्यच नव्हतं. ११४ ची मोठी लढाई ती पुढची, १९१८ च्या ऑक्टोबरात शर्कतला, टायग्रिसच्या काठी, तिथे या पलटणीने फार मोठं नाव कमावलं. पण आमच्या गावात, आमच्या मुलखात, महायुद्ध म्हटलं की कूट, कारण तिथे गेलेले परत आले नाहीत, घराघरांत त्याच्या गोष्टी होत्या, त्यामुळे कुठलीही मेसोपोटेमियाची गोष्ट हळूहळू कूटची होऊन जाते. यात कुणी खोटं बोललं असं मला अजिबात वाटत नाही.

मग साहेबाचं काय झालं ते बघितलं. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी कुणालाही शोधता येते. तो १९१७ मध्ये गेला, तोवर कॅप्टन झाला होता. त्याचं नाव बसराच्या स्मारकावर आहे, जिथे चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे, ज्यांना ओळखता येईल अशी कबर मिळाली नाही ते सगळे.

मी हे दादामामाला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. गोष्टीतला साहेब जिवंत राहून, हसून पिस्तूल देणारा होता. मग त्यानेच डब्याच्या तळातून एक घडी काढून दिली. "ह्यां बग, कसलांसां बील आसा, बाजाराचां." तळहाताएवढा कागद, चार घड्या, घड्यांवर फाटलेला, पेन्सिलीने लिहिलेला. आधीही तो कुणी कुणी बघितला असेल पण वाचून कळण्यासारखं काही नव्हतंच, कारण सुरुवातीलाच एक इंग्रजी आडनाव आणि ते आडनाव कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ग्लासगोच्या उत्तरातलं, आर्मी लिस्टमधलं, बसराच्या यादीतलं आडनाव. कागदावर होतं, दिवंगत कॅप्टन अमुक यांचं सामान, एक रिव्हॉल्वर केससह, रुपये साठ, मिळाले. खाली सही आणि १९१७ ची तारीख.

हे काय ते समजून घ्यायला थोडं वाचावं लागलं. पलटणीत कोणी मेला की तिथल्या तिथे अधिकाऱ्यांची एक समिती बसायची, कमिटी ऑफ अॅडजस्टमेंट, १८९३ चा रेजिमेंटल डेट्स अॅक्ट, म्हणजे पलटणीतल्या देण्यांचा कायदाच होता. मेलेल्याची देणी भागवायची, सामानाची यादी करायची, घरी पाठवण्यासारखं असेल ते पाठवायचं आणि बाकीचं पलटणीतच लिलावाने विकून पैसे हिशेबात धरायचे. घोडा, खोगीर, बूट, दुर्बीण, पिस्तूल. पलटणीतलीच माणसं बोली लावायची, बरेचदा गेलेल्या माणसाच्या ओळखीची.

म्हणजे आमच्या पणजोबांनी ते विकत घेतलं होतं. साठ रुपये तेव्हा, शेतावरच्या घरातून पलटणीत गेलेल्या माणसाला, थोडी रक्कम नव्हती, आणि त्यांनी ती रोख मोजून पावती घेतली, आणि ती पावती मेडलांच्या डब्यात, मेडलांच्याही खाली जपून ठेवली. मी विचार करत राहिले की का घेतलं असेल. त्या कॅप्टनच्या हाताखाली ते होते का, त्याच्यावर त्यांचा जीव होता का, की नुसतं चांगलं हत्यार आहे म्हणून, कारण त्यांना हत्यारातलं कळत होतं आणि अशी नागमोडी खाच असलेलं दुसरं त्यांनी बघितलं नसणार. दोन्ही असेल. एवढं मात्र आहे की साहेब गेल्यावर त्याची वस्तू कुणा परक्याकडे न जाता त्याच्याच पलटणीच्या सुभेदाराकडे आली, आणि त्या सुभेदाराने ती बसरा ते मुंबई आणि पुढे आगबोटीने वेंगुर्ला बंदरात आणून आपल्या घरात ठेवली, रीतसर परवाना काढला, फोटोत टेबलावर ठेवली.

दादामामाला कसं सांगायचं याचं मला टेन्शन होतं. ऐंशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर एक गोष्ट सांगत आलाय. संध्याकाळी पडवीत बसलो होतो, मी कागद त्याच्या हातात ठेवला आणि ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे इकत घेतल्यान?"

"होय मामा. साठ रुपयांक."

"सोताच्या पगारातसून?"

"होय."

तो बराच वेळ बोलला नाही. मग एकदम ताठ बसला आणि म्हणाला, "बरां झालां मगे. सायबाचो उपकार नाय आमच्यार." आणि मामीला आतून हाक मारून त्याने तिलाही तेच सांगितलं, मोठ्याने. त्या वर्षी चतुर्थीला सगळे जमले, मुंबईची, पुण्याची पोरंटोरं, तेव्हा आरती झाल्यावर त्याने गोष्ट सांगितली ती नवीन. साहेब वारल्यावर लिलाव झाला, पुष्कळांनी बोली लावली, आणि आमच्या आजोबांनी साठ रुपये मोजून घेतलं. पुष्कळांनी बोली लावली हे कागदात नाही. ते त्याचं स्वतःचं, आणि मी मध्ये बोलले नाही.

पिस्तूल गेलं कसं तेही सांगून टाकते. स्वातंत्र्यानंतर नवा शस्त्र कायदा झाला, १९५९ चा, तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला. सैन्याच्या बोअरच्या हत्यारांना जिल्ह्यातून परवाना मिळत नाही, त्याला दिल्लीची परवानगी लागते, आणि पणजोबा तोवर वारले होते. घरात पणजी आणि लहान पोरं. कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुका घराघरांत असतात, वानर आणि डुकरांसाठी, निवडणूक आली की त्या ठाण्यात नेऊन जमा करायच्या आणि मग परत आणायच्या ही सवय लोकांना आहे, पण हे परत येणारं नव्हतं. जमा केलेलं हत्यार मुदतीत कायदेशीरपणे सोडवलं नाही तर ते सरकारजमा होतं. १९६३ च्या पावतीवर लिहिलंय, एक रिव्हॉल्वर, केसशिवाय. पणजीने केस दिली नाही. हत्यार कायद्याने द्यावं लागलं, चामड्याची केस कुठल्या कायद्यात बसत नव्हती, ती तिने ठेवून घेतली, आणि तिच्यातल्या शिक्क्यामुळेच मला ग्लासगोचा रस्ता सापडला. ती शाळेत गेली नव्हती. तिने कागद एकही टाकला नाही.

आता सगळं स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलंय, मूळ कागद परत दादामामाच्या ट्रंकेत, फक्त प्लॅस्टिकमधून काढून आम्लरहित कागदात गुंडाळून, कारण प्लॅस्टिकमध्ये आमच्याकडे घाम धरतो. अजून एक काम बाकी आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत आणि त्यात हिंदुस्थानात नोकरी करताना मेलेल्या अधिकाऱ्यांच्या मालमत्तेचे हिशेब आहेत, काय विकलं, किती आले, घरी कुणाला किती पाठवले. आमच्या कॅप्टनचा हिशेब तिथे असेल तर त्यात रिव्हॉल्वरची ओळ असायला हवी. मी विचारणा लिहायला बसले तेव्हा दादामामा शेजारीच होता, त्याने मला दोनदा बजावून सांगितलं की बाकी काय मिळो न मिळो, त्यांच्या वहीत साठच लिहिलेत काय तेवढं नीट बघून घे.